राजा गेला त्या रस्त्यावरचं गाव

९ एप्रिल १९४०, मंगळवार

पहाटेपासून खुर्चीतून उठले नाही. घरातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सगळ्या लायनी एकदम घणघणतायत. ऑस्लोची मुलगी रडत होती — "बोर्घिल्डताई, जर्मन आलेत! बँड वाजवत चाललेत रस्त्यातून!" मग ती लाईनच गेली.

राजा ऑस्लोतून निसटलाय. आमच्याच रस्त्यानं वर गेला म्हणतात. माझा नवरा सिग्वार्ट कॉफी अर्धी टाकून उठला, बंदूक घेतली आणि रायफल-क्लबच्या माणसांबरोबर रस्ता अडवायला गेला. सासूबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "हातमोजे विसरलास."

१० एप्रिल

आला. अंगावर रक्त — त्याचं नाही. झाडं पाडून रस्ता अडवला होता, बसमधून जर्मन आले, यांनी गोळ्या घातल्या. "एक पडला तेव्हा टोपी उडाली गं त्याची. टक्कल होतं. आपल्या पोस्टमास्तरसारखं." मग बंदूक पुसत बसला. बराच वेळ.

दुपारी वरच्या गावाहून बातमी. जर्मन म्हणाले, आम्ही सांगू तो माणूस पंतप्रधान कर. राजा म्हणाला, नाही — त्यापेक्षा मी गादी सोडतो. सिग्वार्टला हसू आलं. "पस्तीस वर्षांत म्हाताऱ्याचा डॅनिश हेल गेला नाही. पण 'नाही' अगदी आपल्यासारखं म्हणाला!"

११ एप्रिल

सिग्वार्ट गेला.

१२ एप्रिल

लिहायलाच हवं, नाहीतर वेड लागेल.

राजाला शोधत आली विमानं. राजा इथे नव्हताच! तो पुढच्या गावाजवळ बर्फात झाडाखाली उभा होता म्हणतात. पण त्यांना काय! चर्चपासून पुलापर्यंत एकेक घर बॉम्बनं उडवलं. मी लायनी धरून बसले होते. खिडकी आत आली, काचा केसांत, हाताला रक्त. तरी वरच्या गावाच्या एक्स्चेंजवरच्या टॉर्डिसला ओरडून सांगितलं — लोकांना जंगलात पाठव, तुमच्याकडे येतायत!

सिग्वार्ट पुलावर होता. ओटार बेकरीवाल्याची बायको थेआ जळत्या घरातून बाहेर पडली होती, तिला ओढून नेत होता. विमान खाली आलं, इतकं खाली की पलीकडच्या काठावरून लोकांना वैमानिकाचा चष्मा दिसला. मशीनगननं पुलाच्या फळ्यांसकट दोघांना उभं चिरलं.

मी त्याला पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, नको पाहूस. तरी पाहिलं.

१५ एप्रिल

पुरले. माती गोठलेली. दोन दिवस वर शेकोट्या पेटवून ठेवल्या, तेव्हा कुठे कुदळ शिरली.

कबरीपाशी ओटार ओरडला, "एका माणसाच्या 'नाही'पायी! हो म्हणाला असता तर काय बिघडत होतं? डेन्मार्कातून आणलेला पाहुणा — त्याच्यासाठी माझी थेआ?" मलाही मनातून तेच वाटत होतं. आज लिहून टाकते, वाटत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "१९०५ साली मत देऊन त्याला आणलंत तुम्ही पुरुषांनी. आम्हाला बायकांना कुणी विचारलं नव्हतं. आज विचारा. माझा मुलगा या खड्ड्यात आहे, आणि माझं मत राजालाच आहे." ओटार थुंकला आणि निघून गेला.

२१ एप्रिल

जर्मन गावात आले. एक सार्जंट दारातच थबकला आणि आमच्या दरीच्या बोलीत सासूबाईंना म्हणाला, "गुनव्होर आई? ओळखलं नाहीस?"

रुडी! मागच्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची उपाशी पोरं इथे पाठवली होती, त्यातला. माझं लग्न व्हायच्या आधी दोन वर्षं या घरात राहिला. सिग्वार्टच्याच अंथरुणात झोपायचा.

"सिग्वार्ट कुठाय?" सासूबाईंनी सांगितलं. कुठे, कधी, कसा. रुडी उंबऱ्यावर बसला आणि हुंदके देऊन रडला. सासूबाईंनी लापशी वाढली. त्यानं खाल्ली. मी उठून गोठ्यात गेले. भिंतीवर मुठी आपटल्या.

२४ एप्रिल

रुडी दिवसभर माझ्या शेजारी, कानाला दुसरा हेडफोन लावून. "वहिनी, राजा कुठे आहे तेवढं कळू दे. मग संपेल सगळं. आणखी गावं जळायला नकोत." मनापासून म्हणतो! तेच वाईट.

२६ एप्रिल — नव्हे, आज २८. जंगलात लिहितेय.

परवा सकाळी टॉर्डिसचा फोन. रुडी ऐकतोय हे तिला सांगायची सोयच नव्हती. तिनं भाच्याची खुशाली सांगितली — तो पश्चिम किनाऱ्याला राजाच्या पहाऱ्यावर आहे — आणि गावाचं नाव बोलून गेली. मी तार उपटली. उशीर झाला होता. रुडीनं माझं मनगट पिरगाळलं, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्या हातानं तो लष्करी लाईनचा दांडा फिरवत होता. "माफ करा, वहिनी. माफ करा." चावले त्याला. त्यानं माझं डोकं टेबलावर आपटलं.

सासूबाई सरपण फोडत होत्या. कुऱ्हाड घेऊनच आत आल्या. एक घाव मानेवर. दुसऱ्याची गरज नव्हती, पण घातला. फोनमधून कुणीतरी जर्मनमध्ये "हॅलो, हॅलो" करत होतं; गावाचं नाव पोचलं नव्हतं. सासूबाईंनी फोन जागेवर ठेवला. भिंतीवर, माझ्या तोंडावर, सगळीकडे रुडीचं रक्त होतं.

त्यांनी माझा हात फळीला बांधला आणि पाठीवर पिशवी चढवली. "स्वीडनच्या बाजूनं जा. दुपारपर्यंत कुणी येणार नाही."

"आई, तुम्हीही चला!"

"नाही पोरी. मी त्याला खाऊ घातलंय. त्याच्यापाशी कुणीतरी बसायला हवं."

९ मे, स्वीडन

सासूबाई आल्या! जिवंत! मला वाटलं होतं, केव्हाच —

त्या म्हणतात, जर्मन दाराशी पोचायच्या आत ओटार आत आला. रक्त पुसायलाही दिलं नाही. त्यांच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली, बाहेर जाऊन म्हणाला, मी मारलं. त्याला बेकरीच्या भिंतीला उभं करून गोळी घातली.

"मी विचारलं त्याला, का रे? तुला तर राजा नको होता." सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. "म्हणाला, राजासाठी नाही, गुनव्होर. थेआला ओढत कोण नेत होतं?"