कारभारीची फवारणीची वही

दिंडोरी,
गुरुवार, १४ जून २००७

चि. कारभारी,

अनेक आशीर्वाद. लंकाबाईंचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो.

तेजस्विनीची नेमणूक पक्की आहे. आज सकाळी साडेअकराला मी स्वतः पुण्याला विद्यापीठात फोन लावला. आस्थापना शाखेतल्या बाईंनी आधी विचारलं, आपण कोण? चुलता म्हणालो. मग त्यांनी फाईल काढून वाचून दाखवलं. राज्यशास्त्र विभाग, अधिव्याख्याता, विषय जागतिक पर्यावरणाचं राजकारण, जागा एक, निवड कु. तेजस्विनी कारभारी, आणि पुढे आपलं आडनाव. मंगळवारी परिषदेची मान्यता झाली, आदेश उद्या टपालात पडेल. पोरीचा फोन तुला मंगळवारीच आला असणार. पण कानांनी ऐकलेल्यावर तू विसंबत नाहीस, म्हणून खात्री करून कळवतो आहे.

नऊ वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. लग्नाकार्यात समोर आलो, रामराम झाला, तेवढंच. तू विंचूरला कांद्याच्या बाजारात, मी इथे बागेत. पोरगी मात्र दोन्ही घरी यायची थांबली नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो, हे तिने सांगितलं असेल. आधी तिने तुलाच विचारलं होतं. 'साहेबलोकांत मी काय करू' म्हणालास, तेव्हा मला घेऊन गेली. एकेचाळीस अर्ज होते, बोलावलं सहा जणांना. एक जण परदेशात शिकून आलेला, त्याचे बूटच आपल्या बैठकीपेक्षा चकचकीत. आपली तुझ्या हिरव्या शबनमीत कागद घेऊन बसलेली. म्हटलं, घाबरलीस का? म्हणाली, "काका, तुम्ही पाय हलवायचे थांबवा, मग माझं बघते."

मुलाखत बंद दाराआड झाली. पण त्याआधी प्रत्येकाला विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. इंग्रजीत बोलली, मला निम्मं कळलं. पण कारभारी, फळ्यावर तिने काय काढलं माहीत आहे? तुझ्या फवारणीच्या वहीचं पान. तारीख, औषध, प्रमाण, सही. म्हणाली, जगातल्या देशांनी एकत्र बसून करार केले, द्राक्षात औषधाचा अंश किती चालेल याचे आकडे ठरवले, आणि ज्या खोलीत ते ठरले त्या खोलीत दिंडोरीचा एकही माणूस नव्हता. पण आकडा चुकला की पुरावा मात्र दिंडोरीच्या माणसाकडेच मागतात.

पोरं लिहून घेत होती. माझा ऊर भरून आला. आपल्या घरातलं माणूस फळ्याजवळ उभं आहे आणि दिल्लीहून आलेला पाहुणा चष्मा पुसून ऐकतो आहे, हे तू बघायला हवं होतंस.

मग एका म्हाताऱ्या सरांनी मराठीतच टोचलं. "बाई, वडिलांची वही खरी, म्हणजे प्रयोगशाळा खोटी, असं म्हणायचंय का?"

ती म्हणाली, "नाही सर. माझ्या मते दोन्ही खरं आहे. मधे काहीतरी आहे जे कुणीच लिहिलेलं नाही. मला अजून सापडलेलं नाही."

माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी सहांत ती एकटीच होती, असं ते सर नंतर व्हरांड्यात कुणाला तरी सांगत होते. त्या उत्तरावर ती निवडली गेली असं मला वाटतं. आणि शेवटच्या बाकावर मी मान खाली घालून बसलो होतो.

आता पुढचं लिहितो. सकाळपासून दोन कागद फाडले.

मुलाखतीच्या आधी ती आपल्या द्राक्ष निर्यात गटाची जुनी दप्तरं मागायला आली होती. तुझी वही अध्यक्ष म्हणून माझ्याकडेच होती, ती दिली. "काका, तुमची पण द्या, शेजारचा प्लॉट होता ना," म्हणाली. माझी सापडत नाही म्हणालो. कपाटात वरच्या फळीवर होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तुझा माल निर्यातीला तयार होता. तू महिनाभर आधीच फवारणी बंद केली होतीस. माझा बांधापलीकडचा प्लॉट उशिराचा, इथल्याच बाजाराचा, त्यामुळे मला फवारायला मोकळीक होती. त्या दिवशी माझ्या ओळी संपल्या आणि ड्रमच्या तळाला पन्नासएक लिटर औषध उरलं. मंगळू पाइप धरून उभा होता. "दादा, हे उरलं. वतून देऊ का?"

तुला आपली रीत माहीत आहे. कालवलेलं औषध कुणी ओतून देतं का? शेजाऱ्याच्या कडेच्या ओळींना देतो, शेजारी आपल्याला देतो. बाबांनीही तेच केलं. मी म्हणालो, "वतू नको रे, कारभारीच्या बांधाकडच्या चार ओळींवर मारून टाक." तुझं भलंच करतो आहे असं वाटलं. तू नाशिकला गेला होतास. संध्याकाळी सांगायचं राहिलं. आणि उरलेलं औषध वहीत कुणीच लिहीत नाही.

तुझा नमुना तिकडे परदेशात नापास झाला, सगळ्या गटाचा कंटेनर अडकला आणि मारुतीच्या देवळात बैठक झाली. अहवाल मीच वाचला. औषधाचं नाव वाचलं त्याच क्षणी मला तो ड्रम आठवला. मला नंतर कळलं असं तुला वाटू नये म्हणून हे लिहितो आहे. मला तिथेच कळलं होतं.

गोटीराम म्हणाला, "वही लय गोड लिहिलीय, पण द्राक्षं खरं बोलत्यात." सगळे हसले. तू उठून उभा राहिलास. "दादा, तू सांग. माझी वही कधी खोटी ऱ्हाती का?"

मी म्हणालो, कागद समोर आहे, मी काय बोलणार. आणि तुला गटातून काढायच्या ठरावावर पहिली सही केली. अध्यक्ष होतो. बारा घरांनी विश्वास टाकला होता, तो जाईल याची भीती वाटली. पुढच्या वर्षी तू बाग तोडलीस. कुऱ्हाडीचा आवाज माझ्या पडवीपर्यंत येत होता. तेव्हाही बांध ओलांडून आलो नाही.

मंगळवारी पोरीने निवडीचं सांगितलं आणि पुन्हा माझी वही मागितली, पहिल्या तासाला हाच विषय घेणार म्हणून. तेव्हा सांगून टाकलं. ती ओरडली नाही. आधी विचारलं, "ड्रममध्ये किती होतं? किती ओळी? कोणती तारीख?" सगळं लिहून घेतलं असावं. मग म्हणाली, "हे बाबांना सांगितलंत?" नाही म्हणालो. "मग मला आधी का सांगता?" आणि फोन ठेवला.

काल तिचा परत फोन आला. "काका, वही पाठवा. पण बाबा हो म्हणाल्याशिवाय मी ती वर्गात उघडणार नाही. ते नको म्हणाले तर दुसरा धडा शिकवीन." निवड समितीने माणूस बरोबर ओळखला, कारभारी. ही सरळ चाल तुझी आहे, माझ्याकडून काही तिने घेतलेलं नाही.

माझी वही या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवतो आहे; त्या दिवसाच्या औषधाचं नाव आणि तारीख तीत आहे. तिला द्यायची की चुलीत घालायची, ते तू ठरव.

रविवारी सकाळी दहाला गटाची बैठक बोलावली आहे. त्या बारांपैकी नऊ जण अजून आहेत. अहवाल पुन्हा वाचेन, ड्रमचं सांगेन आणि अध्यक्षपद सोडेन. गोटीराम सचिव आहे, त्याच्याच हाताने तुझ्यावरचा ठराव रद्द झाल्याचं लिहिलं जाईल. तू आलास तर तुझ्या तोंडावर बोलेन, नाही आलास तरी बोलेन. सोमवार, २ जुलैला अकरा वाजता पोरीचा पहिला तास आहे. तिथे तू आणि लंकाबाई जा. मी येऊ की नको, ते तू सांगशील तसं.

तोवर थोरला म्हणून सही करत नाही.

निवृत्ती