अडीच डबे गॅस

८ जुलै, सोमवार
फिनिक्समध्ये ११३ डिग्री फॅरनहाइट. गाडीचा एसी म्हणजे आजारी कुत्रं तोंडावर धापा टाकतंय. वासही तसाच. शी!
शनिवारी टुसॉनला कोरिनचं लग्न. हात धरून तिला चर्चमध्ये नेणार मी, तिचा बाप. गाडीत सासूबाई ओपल. वय ८३, हृदय नाजूक. एसी हवाच.
बायको, डार्लीन, म्हणाली, मर्लला दाखव. मर्ल तिचा भाऊ. मेकॅनिक. तंबाखू थुंकायला कॅन हातात घेऊन फिरतो. हा माणूस माझ्या गाडीला हात लावणार? गॅस कमी झालाय, शेंबडं पोरही सांगेल. मीच भरणार.

९ जुलै
गॅसचे तीन डबे आणले, पाइप आणि प्रेशरच्या काट्यासकट. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आधी प्रेशर बघितलं का? म्हटलं, बाई, छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. (नागरिकशास्त्र. पण वर्ग विज्ञानाच्या शेजारी.)
काटा सुरुवातीलाच हिरव्यावर, गॅस पुरेसा दाखवतोय. म्हणजे काटा बिघडलेला. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही. डबा रिकामा केला. हवा कोमट.

१० जुलै
दुसरा डबा. काटा लाल. हवा कोमटच.
मर्ल टपकला. म्हणाला, मास्तर, गॅस पुरे, हवेची वाट तुंबलीय, फिल्टर काढून बघा. आणि पचकन थुंकला. मी त्याला फाटक दाखवलं.

११ जुलै, दु. २
तिसरा डबा. निम्मा गेला आणि बॉनेटखालून किंचाळी, मग फुस्स! गॅस हवेत. घरात आज एकच गोष्ट गार पडली, माझी बोटं.
डार्लीनला सांगितलं, सिस्टीम रीसेट होतेय.

१२ जुलै
मर्लने माझ्या परवानगीशिवाय (डार्लीनच्या परवानगीने) फिल्टर काढला. आत उंदराचं घरटं. गवत, लेंड्या आणि खुद्द मालक, वाळून चपटा. पंधरा दिवस मी हे हुंगत होतो! दोनदा ओकलो.
मर्ल म्हणाला, मास्तर, मूळ दुखणं एवढंच होतं. जास्तीच्या गॅसने आता कॉम्प्रेसरही गेला, एसीचं बटण दाबू नका.
मी सासूबाईंना म्हटलं, काचा उघड्या ठेवून जाऊ. त्या म्हणाल्या, जावईबापू, मला नातीच्या लग्नाला जायचंय, स्वतःच्या मयताला नाही.
दोघी मर्लच्या ट्रकमधून जाणार. मागे माझ्यासाठीही जागा होती. थुंकीच्या कॅनशेजारी. नको! मी माझ्या गाडीने.

१३ जुलै, शनिवार, रात्र
टुसॉन वीस मैलांवर असताना एसीचं बटण एकदाच दाबलं. झालंही असेल रीसेट. धूर, जळक्या रबराचा घाण वास, पट्टा तुटला. गाडी जागच्या जागी बंद.
लग्न तीनला. टो ट्रकवाल्याने मला सव्वापाचला चर्चशी उतरवलं. कोरिनला हात धरून मर्लने नेलं होतं, उसना टाय लावून. चाळीस मिनिटं थांबली होती म्हणे माझ्यासाठी.
तिने एवढंच विचारलं, डॅडी, फोन का नाही केलास? मर्लमामा वीस मिनिटांत पोचला असता.
म्हटलं, रेंज नव्हती.
रेंज होती.