टोपलीत काय टाकलंस, सांग

१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा खोकला थांबला का? मी मजेत आहे. तू दर पत्रात डोळ्यांचं विचारतेस, म्हणून आधीच सांगते, ठीक आहेत. सवड मिळाली की दाखवीन.

शाळेत मात्र काहीतरी शिजतंय. शिशुवर्गात माझ्या जोडीला नव्या बाई आल्या आहेत. माझ्याहून मोठ्या, आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत टायपिंग केलेलं, आवाज लोण्यासारखा. अशा आवाजाची मला धास्तीच वाटते.

माझा टोपल्यांचा खेळ तुला ठाऊक आहे. संगणकाच्या पडद्यावर चेंडू पडलेले असतात. मुलांनी माऊसने एकेक उचलायचा आणि त्याच रंगाच्या टोपलीत सोडायचा. रंग कळतात, बोटांना वळण लागतं, आणि पोरांना वाटतं आपण नुसते खेळतोय. नव्या बाईंनी त्यात मोठ्याने बोलायची सवय घुसवली. "उचलला लाल! टाकला लाल टोपलीत!" वर्गाचा नुसता बाजार. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणे, "बोललं की डोक्यात पक्कं बसतं, बाई." मला शिकवतात!

शिवाय पडद्यावरचा माऊसचा बाण रोज सकाळी आदल्या दिवशीपेक्षा मोठा झालेला असतो. विचारलं की, "मुलांना सोपं जातं." मोठ्या बाईंशी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांशी, त्यांची दाराआड कुजबुज चालते. मी गेले की दोघी गप्प. माझा वर्ग काढून घ्यायचा डाव आहे, दुसरं काय?

परवा मिरीची आई भांडायला आली. मिरी म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तिखट पोर. तिला रंग कळत नाहीत, हिरव्या टोपलीत निळा चेंडू टाकते, असं मी आईला सांगितलं होतं. आईने घरी खडू समोर मांडून रडेपर्यंत तिची परीक्षा घेतली. पोरीचा एकही चुकला नाही म्हणे. "मग शाळेतच कसं चुकतं हो?"

मी काही बोलायच्या आत नव्या बाई मध्ये पडल्या. "पडदा जुना झालाय, रंग नीट दिसत नाहीत."

पडदा नवाकोरा आहे, ताई. धडधडीत खोटं! माझी बाजू घेऊन त्यांना काय मिळणार? काहीतरी असणारच. मी छडा लावणार आहे.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

ताई,

अक्षर माझं नाही, हे लगेच ओळखलं असशील. मी सांगतेय आणि नव्या बाई लिहितायत.

काल मी मुद्दाम मिरीला म्हटलं, "आज बोलायचं नाही हं, गुपचूप खेळ."

ती माऊस सोडून माझ्याकडे बघत राहिली. "मग तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला दिसत नाही ना."

"कोण म्हणतं असं?"

"कुणी नाही. तुम्ही माझ्या हिरव्याला निळा म्हणता."

नव्या बाई घाईने म्हणाल्या, "मिरी, खेळ बाळा." मी खुर्चीत बसले. बाण कुणासाठी वाढत होता, ते तेव्हा कळलं. आणि त्या लेकराला मी काय ठरवून बसले होते, तेही.

आज मिरीच्या आईची माफी मागितली. मोठ्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टर काय म्हणतात बघू, मग वर्गाचं ठरवू." म्हणजे वर्ग राहील की जाईल, कुणास ठाऊक.

आपल्या आईची नजर गेली, तेही असंच सुरू झालं होतं. सुईत दोरा ओवायला ती आपल्याला हाका मारायची आणि म्हणायची, उजेड कमी आहे. म्हणून मी दाखवायला जात नव्हते. गेलेच नाही तर कुणी काही सांगणार नाही, असं वाटायचं.

नव्या बाई सगळं लिहितायत की मधलं गाळतायत, याची मला अजून शंका आहेच. म्हटलं, वाचून दाखवा. मागच्या पत्रात त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, तेही त्यांना सांगून टाकलं, लोण्यासारख्या आवाजासकट. त्या नुसत्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "पुढे सांगा."

शनिवारची वेळ घेतली आहे. तू ये. डॉक्टर जे सांगतील, ते मला एकटीने ऐकायचं नाही.

खालची सही माझ्या हातची आहे. ओळ सोडून गेली असेल, तरी माझीच.

तुझी,
धाकटी