तुमचं लायसन्स मी हलवलं

अहो,

आज लिहायचं कारण असं, की काल दुपारी मी तुमच्या संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टीम काढून टाकली. तुमच्या नावाचं खातंही तिच्याबरोबर गेलं. हे तुम्हाला मीच सांगावं असं वाटलं.

तुम्ही गेल्यावर लोक अर्ज टाइप करून घ्यायला यायचे थांबतील असं मी धरून चालले होते. नाही थांबले. शहाद्यात टाइप करून देणारी दुकानं काय कमी आहेत? पण धडगावकडची माणसं स्टँडवर उतरली की अजून आपलंच घर विचारतात. कोणाचा वनहक्काचा दावा, कोणाचं दाखल्यात चुकलेलं नाव. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून बघितलं, त्यावरच माझं चाललंय. आता मला कीबोर्डकडे बघावंही लागत नाही. पटतंय का?

मशीन मात्र दमलं होतं. मागच्या महिन्यात पावरा आदिवासींतली एक आजी समोर बसलेली असताना ते तीनदा बंद पडलं आणि तिची परतीची गाडी चुकली. आपल्या लेकीला, मनीषाला सांगितलं, तर तिने नाशिकहून स्वतःकडचा जास्तीचा संगणक पाठवून दिला. मशीन चांगलं, पण आत सिस्टीमच नाही. दुकानातले शेठ म्हणाले, कॉपी टाकून देतो, कोण बघायला येतंय. आमच्या घरात ते चालत नाही, असं मी त्यांना सांगितलं. आवाज अगदी तुमच्यासारखा निघाला.

मग कपाटातून तुम्ही विकत घेतलेल्या सिस्टीमचा खोका काढला. आठवतं ना? मनीषा कॉलेजात असताना तिला मामाचा संगणक मिळाला होता आणि याच खोक्यातली सिस्टीम तिलाही हवी होती. मी तिच्या बाजूने भांडले होते. घर एक, माणसं तीन, मग बिघडतं कुठे? तुम्ही एवढंच म्हणालात, "घर एक शे, पन लायसनबी एकच मशिननं शे." लायसन्स एकाच मशीनपुरतं. पोरगी आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही, 'नाना' अशी हाकही मारली नाही. प्रोजेक्ट मैत्रिणीच्या घरी जाऊन केला तिने.

खोक्यात अटींचं पत्रक होतं. एका इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीची रेघ आणि शेजारी तुमच्या अक्षरात मराठी: पहिल्यावरून काढलं तर दुसऱ्यावर चालेल.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. स्वतःच्या मशीनवरून काढून पोरीला देता आलं असतं. द्यायचं नव्हतं तर नाही, पण सांगायला काय हरकत होती? दोन दिवस मी तुमच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही.

काल नव्या मशीनवर सिस्टीम टाकली. ती चालू करून घ्यायला फोन लावावा लागला. पलीकडे यंत्राचा आवाज होता. तो सांगेल तसे मी ते लांबलचक आकडे दाबत गेले. शेवटी त्याने विचारलं, ही प्रत किती संगणकांवर आहे?

तुमचं मशीन शेजारीच चालू होतं. पडद्यावर तुमचं नाव होतं. 'एक' दाबलं असतं तर कोणाला कळलं असतं? तुमचं नाव पुसायला हात धजत नव्हता, खरी गोष्ट एवढीच. मी फोन ठेवला.

तुमचे सगळे अर्ज, सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. दोनदा तपासले. मग डिस्क पुसली. थोडी रडले, लपवत नाही. परत फोन लावला, परत सगळे आकडे, आणि या वेळी 'एक' दाबताना बोट थांबलं नाही. नव्या खात्याला नाव विचारलं तेव्हा मी माझं लिहिलं. सुमन. कसं दिसतंय म्हणून जरा वेळ बघत बसले.

संध्याकाळी मनीषाला फोन करून त्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "माले माहीत व्हतं, आई."

त्या भांडणानंतर नवव्या दिवशी तिने स्वतःच खोका उघडून वाचलं होतं म्हणे. मग मागितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"मागितलं असतं तर नानांनी दिलं असतं," ती म्हणाली. "मग ओट्यावर बसलेल्या माणसांचे अर्ज कुठे झाले असते?"

ऐकलंत? बाप-लेकीने एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, आणि मी मात्र आठ दिवस दोघांना वेगवेगळं जेवायला वाढत होते. राग आता गेलाय. पण तक्रार राहणार. तिला एकदा तरी म्हणायला हवं होतंत, की पोरी, तुझं मागणं चूक नव्हतं. काल ते मी म्हणाले, तुमच्या वतीने.

आता एक शब्द देते. या घरात जे एकालाच पुरण्यासारखं असेल, ते मी सगळ्यांसमोर ठेवीन आणि विचारीन, आत्ता कोणाला जास्त गरज आहे? उत्तर माझ्या मनाविरुद्ध आलं तरी ऐकेन.

तुमची,
सुमन