ह्यांच्या पानात उरलेलं

सुलतान बाजार, हैदराबाद
सोमवार, १ डिसेंबर २०२५
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप त्रिवेणी अक्कांना,

तारामतीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने तुम्ही उदगीरला बऱ्या असाल. गुडघ्याला तेलाने उतार पडला का ते कळवा.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. तुमचा फोन आला की तुमचे भाऊ स्पीकर लावायला लावतात, आणि मला लिहायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. आत्ता मंदार वडिलांना घेऊन डायलिसिसला गेलाय. ते येईपर्यंत घर माझं आहे. हिशेबाच्या वहीतली मागची कोरी पानं वापरतेय, नवा कागद कशाला वाया घालवा.

तुमचा डबा मिळाला. धपाटे, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याचे लाडू. प्रेमाने पाठवलंत, पण यापुढे पाठवू नका. ह्यांनी देवघरामागे उभं राहून दोन लाडू खाल्ले. वजन उतरवायच्या ऑपरेशनने पोट केळ्याएवढं करून ठेवलंय, त्यात लाडू कुठे मावणार? सगळं बेसिनमध्ये आलं, नाकातूनसुद्धा. पांढरा चिकट फेस आणि त्यात दाण्याचे कण. जाळी तुंबली, ती मी बोटांनी मोकळी केली. लोणच्याच्या मिठाने तहान लागली, आणि पाणी तर मोजून प्यायचं. मग रात्रभर बर्फाचा खडा चोखत माझ्यावर चिडचिड.

तुम्ही घासलेल्या भांड्यासारख्या स्वच्छ स्वभावाच्या, म्हणून स्पष्ट लिहिते. मला आता जेवणाचीच किळस आली आहे. बटाटा आधी भिजवायचा, मग उकडायचा, ते पाणी ओतून द्यायचं, आणि उरलेला बेचव गोळा वाढायचा. डाळ एवढीशी. अंगात ताकद राहावी म्हणून अंड्याचा पांढरा भाग. गळ्यात माळ असून मी वेगळ्या पातेल्यात अंडी उकडते. हे पहिला घास चघळत बसतात, गिळवत नाही, मग शेजारच्या वाटीत थुंकतात. त्यांच्या तोंडाला हल्ली मुतारीसारखा वास येतो. किडनीचं दुखणं आहे, त्यांचा दोष नाही, हे कळतं मला. तरी श्वास धरूनच वाढते.

दवाखान्यात पथ्य सांगणारी पोरगी आहे, प्रियदर्शिनी, तेलुगू आहे. तिने देवाला नैवेद्य दाखवतो तेवढी वाटी दाखवली होती. "अम्मा, इत्ताच डालना. पेट छोटा है, प्लेट बी छोटी होना." मी मान हलवली आणि घरी येऊन भरलं ताट वाढलं. आठवतं ना, व्हिडिओवर तुम्ही काय म्हणालात? "अगं तारामती, भावाला वाढतेस का चिमणीला?" सासूबाईंपासून आपल्या घरात पुरुषाच्या पानात रिकामी जागा दिसू दिली नाही. मग भाताची मूद, वरण, दोन भाज्या, पोळी, शिजवलेलं पथ्याचं, पण माप नेहमीचं. त्यांचे चार घास व्हायचे.

उरलेलं मी खायचे. त्याच ताटात.

नवऱ्याच्या ताटात जेवायची आपली रीत, आणि शिजलेलं अन्न मी जन्मात टाकलं नाही. गार वरणावर साय धरलेली, भातावर त्यांच्या बोटांचे ठसे, शेजारी ती थुंकीची वाटी. तिच्याकडे न बघता खायचे. आधी माझं जेवण व्हायचं, वर हे उरलेलं. ते वाळत गेले आणि मी फुगत गेले. ह्यांनाच मजा वाटायची. "तारा, माझं वजन कुठं गेलं ते सापडलं बघ!" म्हणायचे. मंदारही हसायचा.

हसण्यासारखं नव्हतं, अक्का. वजन उतरल्याशिवाय नवी किडनी बसवणार नाही म्हणाले होते, म्हणून तर ते ऑपरेशन. आता ह्यांचं वजन उतरलं. तुम्हाला डायबेटीस, मंदारचा रक्तगट जुळत नाही. राहिले मी. माझा जुळतो. म्हणून दिवाळीआधी माझ्या तपासण्या झाल्या. "रिपोर्ट यायचाय," असं मी तुम्हाला सांगत आले. तो कधीच आलाय.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. वजन फार, साखर अगदी काठावर. असं असताना किडनी काढता येणार नाही. म्हणाले, "खाणं कमी करा, साखर खाली आली तर पुन्हा बघू. आत्ता नाही."

मी बाहेर आले, कोठीच्या रस्त्यावर उसाच्या रसवाल्यापाशी उभी राहिले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ लिहिते. रडू नाही आलं. सुटल्यासारखं वाटलं.

आता जे लिहिते त्यासाठीच हे पत्र आहे. त्या दिवसानंतरही मी ह्यांचं पान संपवतेच आहे. जास्तच. मूद मुद्दाम मोठी पाडते. अन्नाचा अपमान नको, अशी स्वतःची समजूत घालते. पण अंडं उरलं तर तेच हात ते शेजारच्या मांजरीला घालून येतात. ते टाकवतं मला.

आणि आज एकादशी. लग्नाआधीपासून एकही मोडली नाही. सकाळी हे डायलिसिसला जाण्याआधी दोन घास खाऊन उठले. "तारा, तुझ्या रिपोर्टचं काय झालं बघ गं. ह्या मशीनला कंटाळलो आता," असं दारातून म्हणाले आणि मंदारच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरले. मी दार लावलं. ताटात भात होता. आज मला अन्न शिवायचंसुद्धा नाही. तरी उभ्यानेच खाल्ला, ताट पुसून खाल्ला. शेवटच्या घासाला ओकारी आली तर तोंडावर हात दाबून गिळला. मग देवासमोर बसले आणि मान वर करता आली नाही. कुठलं अन्न पूर्णब्रह्म आणि कुठली रीत! मी किडनी द्यायची नाही म्हणून खातेय.

भीती वाटते मला, अक्का. कापण्याची वाटते. आणि ज्या माणसाच्या शेजारी श्वास धरून बसते, त्याला स्वतःच्या अंगातलं काढून द्यायचं, ह्याचाही मनात कुठेतरी राग आहे. द्यावी की नाही, मला ठरत नाही. पण नाही म्हणायचं असेल तर त्यांच्या डोळ्यांत बघून, तोंडाने नाही म्हणेन. असं खाऊन खाऊन नाही. त्यासाठी आधी अंग द्यायच्या लायकीचं करावं लागेल, नाहीतर माझ्या नाहीला अर्थ काय?

तुम्ही या. महिना-दोन महिने राहा. ह्यांना वाढायचं काम तुम्ही घ्या, नैवेद्याच्या वाटीएवढंच वाढा, आणि उरेल ते माझ्या हातातून ओढून घेऊन टाका. मी पाप-पुण्य काढेन, भांडेन, तुम्हाला वाट्टेल ते बोलेन. ऐकू नका. साखर खाली आली की मी आणि हे समोरासमोर बसू, तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.

त्यांना काही कळवू नका, ते मीच सांगणार आहे. लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. राग आला तर तो घेऊन या, पण या.

तुमच्या भावाची बायको, आणि त्यांना खरं सांगितल्यावर ती राहीन की नाही हे माहीत नसलेली,
तारामती