चिठ्ठीवरचा पत्ता

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत, ही पहिली खुशाली. बाकी घर आणि माझं सुतारकामाचं दुकान पाण्यात गेलं. चार वर्षांतला हा तिसरा पूर. आजोबांनी अख्ख्या जन्मात एकच पाहिला होता. आता शाळेच्या एका वर्गात सात कुटुंबं राहतोय. तुझी भाची खारूताई म्हणते, शाळेत राहायला आलो आणि शाळाच बंद झाली. बारा वर्षांची पोर, दिवसभर पाण्याच्या रांगेत उभी असते.

छावणीत एक बाई येतात. पुरात सापडलेल्या मुलींसाठी शहरात वसतिगृह आहे म्हणाल्या. शिक्षण, जेवण, कपडे सगळं फुकट. शनिवारी गाडी निघेल. मी सही केली. तुझी भावजय नको म्हणते, आणि खरं सांगायचं तर माझंही मन कच खातंय. पत्त्याची चिठ्ठी सोबत आहे. तू शहरातच आहेस, जाऊन बघ. फोन बंद आहेत, टपाल मात्र होडीतून जातंय.

लोभ आहेच, तो या वेळी जरा घाईने करावा.

तुझा धाकटा


७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्यातली पाळी संपवून तशीच त्या पत्त्यावर गेले. तिथे टायरचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, वसतिगृह विचारत आलेल्या तुम्ही या महिन्यातल्या तिसऱ्या. पोरीला गाडीत बसवू नकोस, इतरांनाही सांग. सही केलीस म्हणून पोर त्यांची होत नाही.

पोलिसांत तक्रार दिलीय. आधी त्यांनी उडवून लावलं, पण मी बाकावरून उठलेच नाही. औषधांचा ट्रक तिकडे निघालाय, चालकाच्या हाती हे पत्र देते. शनिवारच्या आधी ते तुझ्या हाती पडायला हवं.

खारूला जप, म्हणजे तुझी माया मला पोचली.

तुझी ताई


१० ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. गाडी सकाळीच गेली होती. निघण्याआधी मीही तिच्यात बसले होते. मला सातवीत घालणार का, असं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या गप्प बस. आम्ही पाच जणी कितवीत आहोत, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मला भीती वाटली. उलटी होतेय असं सांगून उतरले आणि आईला जाऊन बिलगले. बाबा सगळ्यांसमोर ओरडले, चालून आलेलं नशीब लाथाडलंस म्हणाले. गाडी माझ्यासाठी न थांबता बाकीच्या चौघींना घेऊन निघून गेली.

मग तुझं पत्र आलं. ते वाचून बाबा लगेच त्याच ट्रकने चौकीवर गेले. तुझ्या तक्रारीमुळे पोलिसांनी नाक्यावर गाडी अडवली होती. संध्याकाळी चौघी परत आल्या. बाई मात्र नाक्याआधी वाटेतच उतरून गेल्या होत्या, सह्यांचे कागद घेऊन. अजूनही कुठली गाडी वाजली, की सगळ्या आया आपापल्या मुलींना हाका मारतात.

बाबा माझ्याकडे बघतच नाहीत. जेवताना पाठ करून बसतात. मी त्यांच्यावर रागावलेली नाही, हे त्यांना कसं सांगायचं? तू त्यांची मोठी बहीण आहेस, तूच लिही.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
खारू