सांगोल्याचा बहिरा डबा

सोलापूर, अधिक महिना

श्री. शिवराजराव यांस,
थोरल्या साडूचा नमस्कार (मान वयाचा असतो म्हणून थोरला लिहिलं; बाकी काही उरलेलं नाही).

तुमची प्रकृती विचारत नाही, उत्तमच असणार. तुमचं सगळंच उत्तम असतं. आमच्या मेहुणीची, रेश्माची कंबर कशी आहे तेवढं कळवा. इकडं ऊन लई आहे. सौ. उत्कर्षा बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

परवा सांगोल्याला धोंड्याच्या जेवणात जे झालं त्याबद्दल लिहितो. आपल्या सासऱ्यांनी, हिंदुरावमामांनी, दोघा जावयांना बजावलं होतं की ज्यानं बनवलेला, आपोआप पाणी सोडायचा-थांबवायचा डबा चांगला चालेल, त्याचाच नव्या डाळिंबाच्या बागेत बसेल. सासऱ्यानं जावयांची अशी परीक्षा घ्यावी का? पण घेतली. माझा डबा टाकी भरायला, तुमचा त्याच भिंतीवर खाली, ठिबक सिंचनाला. माझ्या डब्यात दोष असा नव्हताच. टाकी भरल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, असं मी त्याला शिकवलं होतं, आणि तो थांबला. आता टाकीतला तरंगता गोळा अडकला, निरोप आलाच नाही, यात त्याची काय चूक? मामी लाल बटण दाबून दमल्या, पण तो टाकीकडं डोळे लावून बसलेला, बटणाकडं बघणार कधी? टँकरचं विकतचं पाणी मामींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून अंगणात गेलं. मामा म्हणाले, "जावयबापू, तुमचा डबा भैरा हाय की!" आणि मेन खटका ओढला.

तेच पाणी तुमच्या डब्यात शिरलं आणि चिप जळाली. खोटं कशाला बोलू, मला लई गार वाटलं. पण तुम्ही पिशवीतनं भलत्याच कंपनीची चिप काढलीत! मी चिप बदलली की प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून नवं बाळंतपण. तुम्ही फक्त कुठली वायर कुठं लावली तेवढ्या ओळी बदलल्या, आणि पानं वाढायच्या आत डबा सुरू. वर मामांना समजावूनही सांगितलंत (कुणी विचारलं होतं?) की ही असिंक लायब्ररी आहे, म्हणजे आयत्या कोडचा संच, चिपाचिपांतले फरक तीच सांभाळते, एक काम वाट बघत असलं की दुसरं पुढं सरकतं, आणि कुणालाच काही काम नसलं की चिप झोपते. मामा लहान पोरासारखं बटण दाबत बसले आणि तुमचा डबा दर वेळी त्यांचं ऐकत राहिला. मला धोंडे गोड लागले नाहीत.

असो. तुमच्यावर जळतोय, पण आशीर्वाद आहेतच.

आपला,
आदिनाथ

ता. क. : त्या लायब्ररीचं नाव कळवा. एका मित्राला हवंय.

ता. क. दुसरा : मित्र वगैरे कुणी नाही. पाकीट चिकटवणार तोच मामांचा फोन आला, नव्या बागेचं काम मलाच. म्हणे तुम्हीच त्यांना सांगितलंत, थोरल्यांचा डबा बसवा, मी त्यांच्या मदतीला येतो. शिवराजराव, इतकं चांगलं वागायची काय गरज होती? चिपचं मी सहन केलं असतं की! आता शनिवारी लॅपटॉप घेऊन या. आणि उत्कर्षानं विचारलं तर सांगा, थोरल्यांनी मला शिकायला बोलावलंय.